नाट्यसंस्थेचा प्रमुख आणि वृत्तपत्राचा विवेक

स्वीडनमध्ये १७६६ साली वृत्तपत्रस्वातंत्र्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. तेथील परंपरेचा एक विशेष असा की, माहिती देणाऱ्या व्यक्तीला आपले नाव गुप्त राहावे असे वाटत असेल, तर ते उघड करणे पत्रकाराला कायद्याने निषिद्ध आहे. दुर्बळाला बलिष्ठाविरुद्ध निर्भयपणे बोलता यावे, हा यामागील हेतू होय. परंतु साक्षीदार पडद्याआड राहिला, म्हणजे त्याच्या कथनाची पारख वाचकाला करता येत नाही. ते काम सर्वस्वी वृत्तपत्राकडे येते. हे दायित्व किती जड असते, ते स्टॉकहोल्ममधील एका प्रकरणावरून ध्यानात येते.

बेनी फ्रेड्रिकसन (१९५९–२०१८) हे मूळचे अभिनेते. २००२ मध्ये स्टॉकहोल्मच्या नगर नाट्यसंस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली. राजधानीच्या मध्यवर्ती चौकात ‘कुल्तूरहूसेत’ म्हणजे संस्कृतिभवन नावाची भव्य वास्तू आहे. ग्रंथालये, प्रदर्शने आणि रंगमंच यांचे ते आगर. २०१३ मध्ये हे भवन आणि नाट्यसंस्था यांचे एकीकरण झाले आणि या संयुक्त संस्थेचे नेतृत्वही फ्रेड्रिकसन यांच्याकडेच आले. नाटकांची निवड, नटांच्या नेमणुका, पैशाचा विनियोग या सर्वांवर अशा प्रमुखाचा अधिकार चालतो. ज्याच्या शब्दावर एखाद्याला भूमिका मिळते किंवा नाकारली जाते, त्याच्याविरुद्ध बोलणे सोपे नसते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘मी टू’ ही चळवळ अमेरिकेतून जगभर पसरली. नोव्हेंबरमध्ये ४५६ स्वीडिश अभिनेत्रींनी एका जाहीर निवेदनाद्वारे रंगभूमी व चित्रपट या क्षेत्रांतील लैंगिक छळाला वाचा फोडली. त्या निवेदनात आरोपितांची नावे नव्हती. व्यवसायात रुजलेली रीत उघड करणे हा त्याचा उद्देश होता. पुढच्याच महिन्यात ‘आफ्तॉनब्लादेत’ या बहुखपाच्या दैनिकाने फ्रेड्रिकसन यांचे नाव घेऊन लेखांची मालिका छापली. बहुतांशी निनावी कथनांवर आधारलेल्या या लेखांत दहशतीच्या कारभारापासून लैंगिक गैरवर्तनापर्यंतचे आरोप होते. डिसेंबर २०१७ मध्येच फ्रेड्रिकसन यांनी राजीनामा दिला. मार्च २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे त्यांनी स्वतःचे जीवन संपविले.

त्यांच्या कार्यकाळाविषयी झालेल्या चौकशीत त्यांनी लैंगिक छळ केल्याच्या आरोपाला पुष्टी मिळाली नाही. त्यांची कार्यशैली कठोर होती आणि काही सहकाऱ्यांना त्यांची धास्ती वाटे, हे मात्र त्यातून दिसून आले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये या लेखनाबद्दल ‘आफ्तॉनब्लादेत’वर ठपका ठेवला. असा ठपका आला, म्हणजे परिषदेचा निर्णय त्या वृत्तपत्राला स्वतःच्याच पानांत छापावा लागे.

एखाद्या मृत्यूचे कारण एकाच गोष्टीत शोधणे योग्य नव्हे. वृत्तपत्राने काय करावयास हवे होते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. सत्ताधाऱ्याच्या वर्तनाची चौकशी करणे हे वृत्तपत्राचे कर्तव्यच आहे. पण कठोर बोलणे, अधिकाराचा दुरुपयोग आणि लैंगिक छळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीला लागणारा पुरावा वेगळा आणि तिचे परिणामही वेगळे. एकाच मथळ्याखाली त्या एकत्र केल्या, की पहिलीविषयीची खात्री नकळत तिसरीलाही चिकटते. निनावी कथनांची संख्या वाढली म्हणून प्रत्येक कथन सिद्ध होत नाही. बोलणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, त्या वेळचा काही लेखी आधार आहे काय, दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे काय, हे एकेका आरोपासंबंधी तपासावे लागते. शिवाय आरोप नेमका कोणता, हे आरोपिताला सांगून उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा लागतो. तथ्ये पारखून घ्यावीत, दोन्ही बाजू ऐकाव्यात, नाव छापताना सावधगिरी बाळगावी, हे नियम स्वीडिश पत्रकारांच्या आचारसंहितेत नमूदच आहेत.

या नियमांमुळे पीडितांचा आवाज दबतो, असा आक्षेप काही जण घेतात. अनुभव याच्या उलट सांगतो. एक गंभीर आरोप निराधार ठरला, की त्याच पानावरील खऱ्या तक्रारीही संशयास्पद ठरतात. ज्या कर्मचाऱ्यांना आपल्या प्रमुखाची खरोखर भीती वाटत होती, त्यांचे म्हणणे या प्रकरणात मागे पडले. चर्चा उरली ती वृत्तपत्राच्या चुकीची. काटेकोर पडताळणी आरोपिताचे जसे रक्षण करते, तसेच आपले नाव झाकून, पण खरे तेच सांगणाऱ्या साक्षीदाराचेही करते.