मांजराचें पोरकें पिलूं

सहा वर्षांपूर्वींच्या आषाढांतली गोष्ट. आमच्या इमारतीच्या जिन्याखालीं, पाण्याच्या पंपामागें, एका ओल्या पोत्यावर शेजारच्या मुलांना मांजराचें एक पिलूं सांपडलें. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, नाळेचा वाळत चाललेला तुकडा पोटाला तसाच. मुलांनीं तें माझ्याकडे आणलें. घरांत दूध होतें, कापूस होता आणि मनांत दया होती. मीं दूध कोमट केलें, कापसाची वात करून तें थेंब थेंब त्याच्या तोंडांत सोडलें, आणि ‘बिचारें भुकेलेलें होतें’ असें म्हणत त्याला टोपलींत ठेवलें. पहाटे पाहतें, तों तें गेलेलें. भुकेनें तें मेलें नव्हतें. मीं घाईनें पाजलेल्या दुधानें मेलें, हें मला पुढें एका पशुवैद्यांनीं समजावून सांगितलें. त्या रात्रीं काय करावयास हवें होतें, तेंच आज सांगावयाचें आहे.

सर्वांत आधीं विचारावयाचा प्रश्न असा, कीं हें पिलूं खरोखरच पोरकें आहे काय? मांजरी आपलीं पिलें सात घरें फिरविते अशी आपल्याकडे समजूत आहे. सात हा आंकडा आपण सोडून देऊं. पण जागा धोक्याची वाटली कीं ती पिलें हलविते हें खरें, आणि एका खेपेस तिला एकच पिलूं मानेला धरून नेतां येतें. तेव्हां जिन्याखालीं एकटें दिसणारें पिलूं पुष्कळदां टाकलेलें नसतें. तें पुढच्या खेपेची वाट पाहत असतें. शिवाय आईलाही पोट आहे. खाणें मिळविण्यासाठीं ती तास-दोन तास दूर जातेच. पिलाचें अंग ऊबदार असेल, पोट भरलेलें असेल आणि तें शांत निजलें असेल, तर आई जवळपास आहे असें समजावें आणि निदान तीन-चार तास दुरून लक्ष ठेवावें. दुरून हा शब्द मी मुद्दाम वापरतें. भोंवतीं दहा माणसें आणि त्यांचे मोबाईल असतां कोणती मांजरी पुढें येईल? माणसाचा हात लागला म्हणजे आई पिलूं टाकून देते, ही समजूत मात्र मांजरांच्या बाबतींत निराधार आहे. जागा पाण्याची, कुत्र्यांची वा रहदारीची असेल, तर पिलूं उचलून जवळच्याच कोरड्या आडोशाला ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु तें थंडगार, ओलें किंवा मुंग्या लागलेलें असेल, अथवा सारखें ओरडत असेल, तर वाट पाहत बसूं नये.

आमचें पिलूं ओलें होतें. तें घरांत आणलें यांत चूक झाली नाहीं. पण त्याची आई शोधण्याचें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं एक काबरी मांजरी पंपाभोंवतीं हाका मारीत फिरत होती.

आतां पिलूं घरांत आलें असें धरूं. येथें आपला हात आपोआप दुधाकडे जातो, आणि घात तेथेंच होतो. मोठ्या मांजराच्या शरीराचें उष्णतामान ३८ ते ३९ अंश सेंटिग्रेड असतें. नवजात पिलाचें पहिल्या आठवड्यांत ३५-३६ अंशच असतें, आणि तेवढेंही तें स्वतःच्या बळावर टिकवूं शकत नाहीं. त्याला थंडीनें कुडकुडतांसुद्धां येत नाहीं. अंग याहून थंड पडलें कीं आंतड्यांची हालचाल मंदावते व थांबते. मग पाजलेलें दूध पचत नाहीं. तें पोटांत साचून राहतें, नाहीं तर उलटून श्वासनलिकेंत जातें. आपल्या शास्त्रकारांनीं भक्तीचे दोन प्रकार सांगतांना माकडाचा आणि मांजराचा दृष्टांत घेतला आहे. माकडाचें पोर आईला घट्ट धरून राहतें. मांजराचें पोर कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते. मार्जारकिशोरन्याय तो हाच. पण हा न्याय ज्यानें काढला त्यानें मिटल्या डोळ्यांचें पिलूं जवळून पाहिलें नसावें. आंधळें आणि बहिरें असें तें पिलूंही एक गोष्ट नेटानें करतें: ऊब ज्या दिशेला असेल तिकडे पोटानें सरपटत जातें.

म्हणून आधीं ऊब, मग दूध. पावसाळ्यांतली मुंबईची हवा आपल्याला उकाड्याची वाटते. परंतु पहिल्या आठवड्यांत पिलाभोंवतीं ३० अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि ओल्या अंगावर पंख्याचा वारा म्हणजे त्याला हिंवाळाच. पिलूं मऊ फडक्यानें कोरडें करावें, पंखा बंद करावा. बुटांच्या खोक्यांत टॉवेल अंथरून एका बाजूला गरम पाण्याची रबरी पिशवी जाड फडक्यांत गुंडाळून ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे फार गरम झाल्यास पिलाला दूर सरकतां येईल. शेगडीजवळ किंवा प्रखर दिव्याखालीं धरून घाईनें तापवूं नये. तास-दीड तास लागेल, तो लागूं द्यावा. तोंवर त्याला छातीशीं धरून बसलें तरी चालतें. हें काम घरांतल्या आजीकडे द्यावें. तिला घाई नसते.

तोंडाची आंतली बाजू ऊबदार लागली आणि पिलूं तोंड खुपसून शोधूं लागलें, म्हणजे दुधाची वेळ झाली. पण दूध कोणतें? मांजरीच्या दुधांत गाईच्या दुधाच्या सुमारें दुप्पट प्रथिनें असतात. गाईच्या दुधानें पिलाचें पोषण होत नाहीं, आणि बहुधा जुलाब मात्र होतात. शंभर ग्रॅमच्या जीवाला एका दिवसाचे जुलाबही पुरे. मांजराच्या पिलांसाठीं तयार केलेली दूधभुकटी प्राण्यांच्या औषधांच्या दुकानांत मिळते, तीच वापरावी. दुकान बंद असेल तर सकाळपर्यंत शेळीच्या दुधावर निभावून न्यावें, त्यापुढें नाहीं. पाजतांना आपण त्याला तान्ह्या मुलासारखें उताणें घेतों, हीही मोठी चूक. आईपाशीं पिलूं पोटावर पडून, मान किंचित वर करून पितें, तसेंच धरावें. लहान बाटलीनें किंवा सुई काढलेल्या पिचकारीनें, त्याच्या चोखण्याच्या वेगानें थेंब थेंब द्यावें, आणि दूध नाकांतून आलें तर तत्काळ थांबावें. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पहिले सुमारें तीन आठवडे पिलाला आपण होऊन मलमूत्र विसर्जन करतां येत नाहीं. आई चाटते तेव्हांच तें होतें. म्हणून प्रत्येक वेळीं पाजण्याच्या आधीं वा नंतर कोमट पाण्यांत भिजवलेला कापूस तेथें हलक्या हातानें फिरवावा लागतो.

इतकें करूनही कित्येक पिलें जगत नाहींत, हें सांगितलेंच पाहिजे. आईच्या पहिल्या चिकातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ति जन्मानंतर साधारण सोळा-अठरा तासांतच शरीरांत शोषली जाते. ती वेळ टळली तर आपली कोणतीही बाटली ती उणीव भरून काढीत नाहीं. म्हणून ओळखींत एखादी अंगावर पाजणारी मांजरी आहे का, याची चौकशी आधीं करावी. परकें पिलूं पुष्कळदां ती आपलेंसें करते. पशुवैद्यांना पहिल्याच दिवशीं दाखवावें. रस्त्यावरची मांजरी पकडतांना ती चावली वा तिनें ओरबाडलें, तर जखम साबणानें पंधरा मिनिटें धुऊन डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये. रेबीज हा मांजरापासूनही होतो.

गेल्या वर्षीं त्याच पंपामागें पुन्हां तीन पिलें दिसलीं. या वेळीं मुलांनीं त्यांना हात लावला नाहीं. आम्ही जिन्यांतला दिवा मालवून वरून पाहत बसलों. साडेअकराच्या सुमारास मांजरी आली, एक पिलूं घेऊन गेली, थोड्या वेळानें दुसरें घेऊन गेली. तिसऱ्यासाठीं ती आली नाहीं. पहाटे दोनपर्यंत वाट पाहिली. पिलूं गार पडूं लागलें, तेव्हां वर आणलें. स्वयंपाकघरांतल्या काट्यावर तें ९० ग्रॅम भरलें. रोजचें वजन मुलेंच वहींत लिहीत; दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढ असावी, एवढें मीं त्यांना सांगितलें होतें. चौथ्या दिवशीं वजन वाढलें नाहीं, तेव्हां पशुवैद्यांकडे धांवलों. आठव्या दिवशीं तें १६० झालें. अकराव्या दिवशीं त्याचा डावा डोळा उघडला. उजवा दुसऱ्या दिवशीं.