चालकाची सीट रिकामी नव्हती

टेक्सासमधल्या स्प्रिंग गावात १७ एप्रिल २०२१ च्या रात्री टेस्लाची मॉडेल एस गाडी झाडावर आदळून पेटली आणि आतले दोघेही दगावले. एकाचा मृतदेह चालकाशेजारच्या सीटवर सापडला, दुसऱ्याचा मागच्या सीटवर. चालकाच्या जागी कोणीच नाही, म्हणजे गाडी आपोआप चालत होती, असे स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगितले आणि ते जगभर पसरले. आग चार तास विझत नव्हती, हेही त्याबरोबर पसरले. ही हकीकत अजूनही तशीच सांगितली जाते. गाडी नव्या तऱ्हेची, तेव्हा अपघाताचे कारणही नवेच असणार, असे आपण तपासाआधीच धरून चालतो. विजेवरच्या गाड्यांबद्दलचे बरेच गैरसमज इथूनच निघतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यातले कारण शंभर वर्षे जुने होते. दारू आणि झोप आणणारी ॲलर्जीची औषधे यांच्या अमलाखाली चालकाने अतिवेगात गाडीवरचा ताबा गमावला होता. घराच्या कॅमेऱ्यात मालक स्वतः चालकाच्या सीटवर बसताना दिसतो. तिथून जेमतेम ५५० फुटांवर, वळणावर, गाडी रस्ता सोडून गेली. आदळण्याआधीच्या पाच सेकंदांत एक्सिलरेटर ९८.८ टक्क्यांपर्यंत दाबलेला होता आणि वेग ताशी ६७ मैलांवर, म्हणजे सुमारे १०८ किलोमीटरवर गेला होता. पुढच्या दोन्ही सीटचे पट्टे लावलेले होते, आणि स्टिअरिंगची मोडतोडही समोर माणूस असल्याचेच सांगत होती. मृतदेह जिथे सापडला तिथेच तो माणूस धडकेच्या क्षणी होता, असे मानणे ही पंचनाम्यातली मोठी चूक ठरू शकते. पेटत्या गाडीतून सुटण्यासाठी जखमी माणूसही मागे सरकू शकतो.

ही आकडेवारी कंपनीच्याच यंत्रातली, तिच्यावर विश्वास का ठेवायचा, ही शंका रास्त आहे. म्हणूनच तपास एका नोंदीवर उभा राहत नाही. या गाडीतली मुख्य साठवण आगीत नष्ट झाली होती. हाती आले ते एअरबॅग नियंत्रित करणारे, आगीत होरपळलेले यंत्र. त्यातले आकडे वाकलेल्या धातूशी, पट्ट्यांशी आणि कॅमेऱ्याशी ताडून पाहिले गेले. तशीच दुसरी गाडी त्या रस्त्यावर नेऊन पाहिली, तेव्हा तिथे आपोआप स्टिअरिंग सांभाळणारी सोय सुरूच होत नव्हती. शिवाय नोंद वाचायलाही जाण लागते. विजेवरच्या आणि हायब्रिड गाडीत एक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनित्रासारखी चालून वेग कमी करते. त्यामुळे ‘ब्रेक दाबला नाही’ याचा अर्थ ‘वेग कमी केला नाही’ असा होत नाही.

आगीचे काय? स्प्रिंगच्या ज्वाळा काही मिनिटांतच आटोक्यात आल्या होत्या, असे अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी नंतर सांगितले. उरलेला वेळ बॅटरी थंड ठेवण्यात गेला. मात्र यावरून ही आग पेट्रोलच्या आगीसारखीच, असे म्हणणारेही चुकतात. केबल कापली, वीजपुरवठा तोडला, तरी फुटलेल्या पॅकच्या सेलमध्ये ऊर्जा उरतेच. आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन एक सेल तापतो आणि शेजारच्याला पेटवतो. हायब्रिडमध्ये ही बॅटरी लहान असली तरी तिच्या जोडीला पेट्रोलची टाकी असते. इंजिन बंद, म्हणजे गाडी बंद, हा समज बचावासाठी धावलेल्यांना तिथे महागात पडू शकतो. डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसत असेल, तर आवाज नसतानाही गाडी हलू शकते आणि नारिंगी केबलमधून उच्च दाबाची वीज वाहत असू शकते.

तपास करणाऱ्याला ही उरलेली ऊर्जा आणखी एका बाजूने नडते. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे मार्च २०१८ मध्ये टेस्लाची मॉडेल एक्स महामार्गावरच्या दुभाजकावर आदळली. आग विझवून गाडी उचलून नेली, तरी पाच दिवसांनी बॅटरी पुन्हा पेटली. असा सांगाडा चारही बाजूंनी ५० फूट मोकळी जागा सोडून ठेवावा, अशी सूचना आहे. भंगार गाड्या खेटून लावलेल्या आवारात एवढी जागा मिळत नाही, हे सुरक्षा मंडळाने २०२० च्या अहवालात नोंदवले आहे. आणि त्या सांगाड्यातच, सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे, अजून न वाचलेले यंत्र असते.