पाण्याखालच्या जमिनीचा सातबारा

शेतजमिनीचा सातबारा उतारा तुम्ही पाहिला असेल. निदान घरातील मोठ्या माणसांच्या तोंडून त्याचे नाव तरी ऐकले असेल. जमीन कोणाची, किती आणि तिच्यात पीक कोणते, हे त्यावर लिहिलेले असते. आता असा विचार करा. जी जमीन भरतीलाही पाण्याखाली आणि ओहोटीलाही पाण्याखाली, तिचा मालक कोण? आणि तिच्यावर कोणी पीक घ्यायचे ठरवले, तर खंड द्यायचा कोणाला?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या सफोक काउंटीपुढे तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. नकाशात न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड हे लांबट बेट शोधा. त्याचे पूर्वेकडील टोक माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले दिसेल. त्या दोन फाट्यांच्या मध्ये आहे पेकोनिक उपसागर आणि त्याच्या पुढे गार्डिनर्स उपसागर. या पाण्याखाली जे पीक घेतात, ते म्हणजे कालवे.

कालव म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. खडकावरची कालवे काढताना बोट कापले नाही, असा माणूस तिकडे विरळाच! दोन शिंपांमध्ये राहणारा हा मृदुकाय प्राणी जन्मानंतर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतो आणि मग एखादा कठीण पृष्ठभाग गाठून त्याला कायमचा चिकटतो. त्याला खाऊ घालावे लागत नाही. कल्ल्यांमधून पाणी खेचून तो त्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. पूर्ण वाढलेले कालव अनुकूल पाण्यात दिवसाला १९० लिटरपर्यंत, म्हणजे बारा-तेरा बादल्या पाणी गाळू शकते असे मानतात. रोजची सरासरी मात्र याहून बरीच कमी असते.

खाद्याचा खर्च नाही, मग अडचण कसली? अडचण वेळेची आहे. नखाएवढे बी विकत आणून पाण्यात सोडले, तर ते विकण्याजोगे व्हायला दोन ते तीन वर्षे लागतात. तेवढ्या काळात कोणीही येऊन ती काढून नेणार असेल, तर पैसे गुंतवील कोण? जागेवर काहीतरी हक्क असल्याशिवाय ही शेती होत नाही. पण उपसागर तर सर्वांचा! मासेमारी करणाऱ्याचा, होडी वल्हवणाऱ्याचा आणि काठावर बसून नुसता पाहणाऱ्याचाही.

१८८४ साली न्यूयॉर्क राज्याने या दोन उपसागरांखालची जमीन कालवांच्या लागवडीसाठी सफोक काउंटीच्या हवाली केली. काउंटीने काय केले? तुकडे पाडून ते लोकांना मालकी हक्काने देऊन टाकले. पुढे कालवांचा धंदा बसला. मालकांनी कर थकवले, तेव्हा पुष्कळ तुकडे काउंटीकडे परत आले. कोणता तुकडा कोणाचा आणि त्याची हद्द कुठे, याचा घोळ होऊन बसला. शेताच्या कोपऱ्यात दगड रोवता येतो. लाटांखाली रोवलेला दगड कोणाला दिसणार?

म्हणून २००४ साली राज्याने नवा कायदा केला. जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची. आणि तीही आधी मोजणी करून व नकाशे तयार करून. २००९ मध्ये काउंटीने योजना मंजूर केली. ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिची सुरुवात ‘कुठे द्यायचे’ यापासून नव्हे, तर ‘कुठे द्यायचे नाही’ यापासून होते. किनाऱ्यापासून १००० फुटांच्या आतली जागा वगळली. जिथे रानटी शिंपले मुबलक मिळतात आणि ज्यांवर तिथल्या कोळ्यांचे पोट चालते, ती ठिकाणे वगळली. त्यांना जपण्याचे कारणही होते. १९८५ च्या उन्हाळ्यात एका अतिसूक्ष्म शैवालाची इतकी बेसुमार वाढ झाली की पाणी तपकिरी दिसू लागले आणि पेकोनिकमधील प्रसिद्ध स्कॅलप शिंपल्यांचा जवळजवळ नायनाट झाला.

एवढे वगळून सुमारे ३०,००० एकरांचा लागवडयोग्य पट्टा उरला. पण त्यातही नवे पट्टे द्यायचे ते वर्षाला फक्त ६० एकर, म्हणजे दहा वर्षांत ६००. टक्केवारी तुम्हीच काढा. एक पट्टा सामान्यतः १० एकरांचा आणि दहा वर्षांच्या मुदतीचा. चौरस धरला, तर त्याची एक बाजू सुमारे २०० मीटर भरेल. पट्टेदाराला हक्क मिळतो तो लागवडीचा; वरचे पाणी त्याच्या मालकीचे होत नाही.

म्हणून तंटे मिटले, असे मात्र नाही. कालवे हल्ली बहुधा पिंजऱ्यांत वाढवतात, आणि पिंजऱ्यांच्या खुणेचे बोये पाण्यावर तरंगतात. काठावर घरे असलेल्यांना ते डोळ्यांत खुपतात. २०१८ मध्ये तर शिडाच्या होड्या चालवणारा एक क्लब न्यायालयात गेला: आमच्या शर्यतींच्या जागेत पट्टा दिलाच कसा? दोन्ही बाजू उपसागरावर प्रेम करणाऱ्याच. पण एकाच पाण्यात पिंजरा आणि शर्यत मावत नाहीत.

याच सुमारास आणखी एक अडचण पुढे आली, आणि तीही एका शब्दाची. काही शेतकऱ्यांना केल्प हे तपकिरी समुद्री शैवाल लावायचे होते. सफोकमधील बहुतेक घरांचे सांडपाणी गटारवाहिनीत न जाता अंगणातील शोषखड्ड्यांत मुरते. त्यातला नत्र भूजलातून उपसागरात उतरतो आणि नको ती शैवाले माजवतो. केल्प हाच नत्र शोषून वाढतो. तो कापून बाहेर काढला की नत्रही बाहेर येतो. शिवाय प्रकाशसंश्लेषणासाठी तो पाण्यातील कार्बन डायऑक्साइड घेतो, त्यामुळे आसपासच्या पाण्याची आम्लता घटते आणि शिंपल्यांना कवच बांधणे सोपे जाते. स्टोनी ब्रुक विद्यापीठातील गोब्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केल्पच्या सोबतीने ठेवलेल्या शिंपल्यांची वाढ अधिक वेगाने झाल्याचे आढळले.

मग लावायचा की केल्प! पण कायद्यात परवानगी होती ती ‘शिंपल्यांच्या’ लागवडीला, आणि केल्प काही शिंपला नव्हे. (काटेकोरपणे पाहिले, तर जीवशास्त्रज्ञ त्याला खरी वनस्पतीही मानत नाहीत.) अखेर कायदा बदलावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये काउंटीला केल्पसाठीही पट्टे देण्याची मुभा मिळाली.

केल्पला थंड पाणी मानवते. बीजाणू रुजवलेली दोरी हिवाळ्याच्या तोंडाशी पाण्यात ताणतात आणि मे महिन्याच्या सुमारास पीक काढून घेतात. शिडाच्या होड्या त्या दिवसांत बहुतेक किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात.