काढ्याचा चोथा आणि हरणाचा खुराक

काढा गाळून झाला की फडक्यात जे उरते त्याला आपण चोथा म्हणतो. घरी तो मूठभर असतो आणि कुंडीत जातो. औषधाच्या कारखान्यात तोच चोथा ट्रॉलीने निघतो. तो ओला आणि गरम असतो, दोन दिवसांत आंबू लागतो. जाळायला तो फार ओला, पुरायला जागा हवी आणि उघड्यावर टाकला तर वास सुटतो, पाणी झिरपते. माझा विषय पशुआहारशास्त्र. असा ढीग दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, की हे कुठले जनावर खाईल का?

प्रश्न नवा नाही. आपल्या गोठ्यातला बराचसा खुराक कुणाच्या तरी कारखान्यात किंवा गिरणीत उरलेलाच असतो. शेंगदाण्याची पेंड, सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा, तुरीची चुणी, उसाची मळी. तेल, पीठ, डाळ, साखर माणसाने घेतली आणि उरले ते जनावराला दिले. औषधी वनस्पतींचा चोथा मात्र या यादीत सहज बसत नाही. पेंडीत प्रथिने किती एवढे कळले तरी काम भागते. चोथ्यात औषध किती उरले आहे, हेही विचारावे लागते. या प्रश्नावर सध्या जिथे बरेच काम चालले आहे ते ठिकाण आपल्यापासून दूर आहे आणि जनावरही आपल्या गोठ्यातले नाही. तरी त्यातून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा लेख.

जिलिनचे ठिपकेदार हरीण

चीनच्या ईशान्येला जिलिन हा प्रांत आहे. त्याच्या पूर्वेस चांगबाई पर्वताच्या रांगा आहेत. या भागात दोन व्यवसाय शेजारी शेजारी वाढले. एक औषधी वनस्पतींचा. जिनसेंगच्या मुळ्या आणि वूवेइझी नावाच्या वेलीची लाल फळे ही इथली मोठी पिके. 'वूवेइझी' या नावाचा अर्थच पाच चवींचे फळ. दुसरा व्यवसाय सिका हरणे पाळण्याचा. चांगचुन शहराचा श्वांगयांग हा भाग त्यासाठी ओळखला जातो. सिका दिसायला आपल्या चितळाचे भावंड वाटते. उन्हाळ्यात तांबूस अंगावर पांढरे ठिपके उठून दिसतात. चिनी लोक त्याला 'मेइहुआलू' म्हणतात, म्हणजे प्लमच्या फुलांचे हरीण.

ही हरणे पाळतात ती मुख्यतः शिंगांसाठी. नराची जुनी शिंगे वसंतात गळतात आणि नवी फुटतात. सुरुवातीला त्यांच्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते आणि आत रक्त खेळत असते. त्यांचे हाड होण्याआधी ती कापून वाळवली की त्याला 'लूरोंग' म्हणतात. चीनच्या अधिकृत औषधकोशात त्याची नोंद आहे. आपल्याकडे आजीच्या बटव्यात सांबरशिंग असायचे, सहाणेवर उगाळून बरगडीला लावायचे. ते पूर्ण वाढून कडक झालेले शिंग. लूरोंग हे त्याच्या कितीतरी आधीच्या, कोवळ्या अवस्थेतले.

२०२० च्या फेब्रुवारीत चीनने वन्य प्राण्यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. त्यानंतर मे महिन्यात पाळीव समजल्या जाणाऱ्या ३३ जातींची यादी जाहीर झाली आणि त्या यादीत सिका हरणाला जागा मिळाली. कायद्याच्या दृष्टीने ते पशुधन झाले. त्याच्या पोटाची घडण मात्र रानातल्या झाडपाल्यासाठी झालेली आहे. पुढची सारी चर्चा या एका गोष्टीभोवती फिरते.

प्रतिजैविके बंद झाली

दुसरा धक्का खाद्यातून आला. जनावर लवकर वाढावे म्हणून खुराकात थोडी थोडी प्रतिजैविके मिसळण्याची पद्धत जगभर अनेक दशके होती. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती बंद केली. चीनमध्ये २०१५ साली कोलिस्टिन या अखेरच्या फळीतल्या औषधाला दाद न देणारे एक जनुक डुकरांतल्या जीवाणूंत सापडले. ते एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज जाते असे दिसल्यावर वैद्यकीय जगात खळबळ उडाली. २०१७ मध्ये चीनने खाद्यातले कोलिस्टिन थांबवले. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी आणली. २०२० पासून चीनने वाढीसाठी खाद्यात घालायची सगळीच प्रतिजैविके बंद केली. या बंदीतून एक अपवाद ठेवला, तो पारंपरिक चिनी औषधी वनस्पतींचा.

या अपवादाचा परिणाम उघड होता. ज्या कारखान्यांना चोथ्याचे काय करावे हे सुचत नव्हते त्यांना गिऱ्हाईक दिसू लागले. हरणे पाळणाऱ्यालाही नड होतीच. पाडसे दुधावरून तोडली की त्यांना हगवण लागते. माजाच्या हंगामात, म्हणजे शरद ऋतूत, नर खाणे जवळजवळ सोडतात आणि पुढे कडक हिवाळा येतो. अशा वेळी पोट सांभाळणारे काहीतरी स्वस्तात मिळाले तर कुणाला नको आहे?

इथेच खरा धोका आहे. 'वनस्पतीचे आहे, अपाय नाही' हे वाक्य प्रतिजैविकांची रिकामी जागा फार लवकर भरून काढते. प्रतिजैविकाची निदान मात्रा तरी माहीत होती. चोथ्याच्या पोत्यावर काहीच लिहिलेले नसते.

झाडपाला खाणारे पोट

हरीण गाईप्रमाणेच रवंथ करते. चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कोटीपोटात जीवाणू, बुरशी आणि सूक्ष्म आदिजीव चाऱ्याचे तंतू आंबवतात. पण सगळे रवंथ करणारे सारखे नसतात. राइनहोल्ड हॉफमन या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये त्यांचे तीन गट मांडले. एक गवत खाणारे, जसे गाय आणि म्हैस. दुसरे कोवळे, पौष्टिक शेंडे वेचून खाणारे, जसे युरोपातले रो हरीण. तिसरे मधले, हंगाम पाहून दोन्ही खाणारे. सिका आणि आपली शेळी या मधल्या गटातल्या.

झाडपाला म्हटला की तुरटपणा आला, म्हणजे टॅनिन आले. टॅनिन प्रथिनांना घट्ट बिलगते. म्यूल हरणावर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून दिसले, की त्याच्या लाळेत टॅनिनला पकडून ठेवणारी प्रथिने असतात. गाईच्या लाळेत अशी सोय आढळत नाही. जिलिनमधले लोक सिकाला पिढ्यानपिढ्या ओक झाडाची तुरट पाने घालत आले, ते उगाच नव्हे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासात ओकची पाने खाणाऱ्या आणि मक्याची ताटे खाणाऱ्या सिकांच्या कोटीपोटातले जीवाणू ताडून पाहिले. दोन्हीकडे प्रिव्होटेला या कुळाचे वर्चस्व होते, पण त्यातल्या जाती वेगळ्या होत्या. याचा अर्थ असा, की चारा बदलला की कोटीपोटातली वस्ती बदलते आणि तुरट चाऱ्याला जुळवून घेणारी वस्ती या प्राण्यात तयार होऊ शकते.

थोडे टॅनिन फायद्याचेही असते. कोटीपोटात ते प्रथिनांना धरून ठेवते, त्यामुळे जीवाणू ती लगेच फोडून अमोनिया करत नाहीत. पुढे चौथ्या कप्प्यातल्या आम्लात ही पकड सुटते आणि प्रथिने जनावराच्या पदरात पडतात. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवर लोटस नावाच्या चाऱ्याचे जे काम झाले त्यात कोरड्या चाऱ्याच्या किलोमागे २० ते ४० ग्रॅम टॅनिन हितकारक ठरले आणि साधारण ५० ग्रॅमच्या वर गेले की जनावर खाणे कमी करू लागले. त्याच देशात हरणांना चिकोरीच्या कुरणात चारल्यावर पाडसांची वाढ चांगली झाली. ही तीच चिकोरी, जिचे मूळ भाजून आपल्याकडे कॉफीत मिसळतात. चारा आणि औषध यांच्यातली रेघ हरणापुरती तरी पुसट आहे, एवढे यावरून कळते.

चोथ्यात उरते काय?

उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते द्रावकावर अवलंबून आहे. जे पाण्यात विरघळते ते काढ्यात उतरते, जे विरघळत नाही ते चोथ्यात राहते. वूवेइझीचे गुणकारी समजले जाणारे घटक लिग्नन नावाच्या गटातले आहेत. ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणून नुसत्या पाण्यात उकळलेल्या फळांच्या चोथ्यात त्यांचा चांगला भाग शिल्लक राहू शकतो. तीच फळे अल्कोहोलने धुतली की लिग्नन निघून जातात, पण मोठ्या साखळीच्या शर्करा मागे राहतात आणि त्या कोटीपोटातल्या जीवाणूंना उपयोगी पडतात. सुगंधी तेले वाफेबरोबर उडतात. तंतू आणि प्रथिनांचा काही भाग दोन्हीकडे उरतो. वनस्पती एकच, कारखाने दोन आणि चोथेही दोन प्रकारचे. बाजारात दोन्हींचे नाव मात्र एकच.

जिनसेंगचे उदाहरण वेगळे आहे. मूळ विकले जाते, पाने आणि देठ मागे पडतात. त्या पानांतही जिनसेनोसाइड असतात. ही द्रव्ये सॅपोनिनच्या जातीची, म्हणजे रिठ्याला फेस आणणाऱ्या द्रव्यांच्या नात्यातली. सॅपोनिन कोटीपोटातल्या आदिजीवांची संख्या कमी करते. आदिजीव जीवाणूंना खातात, त्यामुळे ते घटले की जीवाणूंची प्रथिने जास्त प्रमाणात पुढे जातात आणि काही वेळा मिथेनही कमी बनतो. पण कोटीपोटातले जीव सॅपोनिन फोडायलाही शिकतात आणि काही आठवड्यांनी परिणाम ओसरू शकतो. म्हणून दोन आठवड्यांच्या प्रयोगावरून वर्षभराचा दावा करू नये, असे मी विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो.

वजनकाट्याचा हिशेब

नर सिका शंभर किलोचा धरू. वजनाच्या सुमारे सव्वादोन टक्के कोरडे खाद्य तो खातो असे मानले, तर दिवसाला सव्वादोन किलो झाले. त्यातला दहावा हिस्सा चोथा द्यायचा म्हटले तर कोरडे २२५ ग्रॅम लागतील. कारखान्यातून निघालेल्या चोथ्यात ८० टक्के पाणी असेल तर ओला चोथा सुमारे ११२५ ग्रॅम द्यावा लागेल. शंभर नरांना रोज सुमारे साडेएकशे बारा किलो. तो वाळवायचा तर इंधन जाते. न वाळवता ठेवला तर बुरशी धरते आणि बुरशीचे विष औषधाच्या सगळ्या गुणांवर पाणी फिरवते. यावर व्यवहार्य उपाय मुरघासाचा आहे. चोथा मक्याच्या कुट्टीत मिसळून, हवा काढून, दाबून आंबवायचा.

हंगामाचा हिशेबही हवा. शिंगे वाढत असतात त्या दिवसांत नराला प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर लागतात. खाण्यातले पुरले नाहीत तर शरीर स्वतःच्या हाडांतून खनिजे काढून शिंगाकडे पाठवते. अशा काळात तुरट चोथा जास्त झाला तर प्रथिने अडकून पडतील. हिवाळ्यात चालणारी मात्रा वसंतात चालेलच असे नाही.

मग गुण आला की नाही हे कसे ठरवायचे? शिंगाचे वजन वयाप्रमाणे आणि वंशाप्रमाणे खूप बदलते. म्हणून एकाच वयाचे नर घेऊन, त्यांच्या मागच्या वर्षीच्या शिंगांचे वजन पाहून सारखे गट पाडावे लागतात. एका गटाला चोथा अजिबात द्यायचा नाही. त्यात हरीण भित्रे. पकडताना घाबरून स्नायू निकामी होऊन ते मरूही शकते, त्यामुळे रक्ताचे आणि कोटीपोटातल्या रसाचे नमुने गाईसारखे केव्हाही घेता येत नाहीत. असे प्रयोग थोड्या जनावरांवर होतात आणि त्यांचे निष्कर्ष तेवढ्याच बेताने घ्यायचे असतात.

ज्याचा खुराक, त्याचेच औषध

हरणाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. त्याचे शिंग पुढे माणसाचे औषध होते. चोथ्यात काही शिसे किंवा कॅडमियम असेल तर उकळताना ते पूर्णपणे काढ्यात उतरत नाही, उलट कोरड्या वजनामागे त्याचे प्रमाण वाढू शकते. कीटकनाशकांचे अंशही मागे राहू शकतात. अनेक वनस्पतींच्या एकत्र काढ्याचा चोथा असेल तर त्यात वचनागासारखे विषारी मूळ होते का, हे कारखान्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. जे हरीण चोथा खाणार, त्याचे शिंग कुणीतरी आजारी माणूस विश्वासाने घेणार. म्हणून माझ्या मते चोथ्याला औषधाची सवलत न देता खाद्याचे सगळे निकष लावले पाहिजेत आणि वर औषधाचेही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ किंवा सांबर पाळून व्यवसाय करता येत नाही आणि तसा तो करता यावा असे मला वाटतही नाही. पण काढे, आसवे आणि अर्क करणारे कारखाने आपल्याकडे आहेत, त्यांचा चोथा आहे आणि बाभळीच्या शेंगा आवडीने खाणारी, तुरटपणाशी ओळख असलेली शेळीही आहे. जिलिनचे हरीण आपल्याला जो धडा देते तो शेळीला लागू करता येईल. त्यासाठी कारखान्याने पोत्यावर पाच गोष्टी लिहाव्यात. वनस्पती कोणती, उकळली कशात, निघाला कधी, ओलावा किती आणि जड धातूंची तपासणी झाली का. पशुपालकाने थोड्या मात्रेपासून, थोड्या जनावरांवर सुरुवात करावी आणि शेजारी चोथा न दिलेला गट ठेवावा. हे लिहायला आणि पाळायला फारसा खर्च येत नाही. ते होईपर्यंत कुणी 'आयुर्वेदिक पशुखाद्य' म्हणून नुसते पोते पुढे केले, तर मी ते माझ्या जनावराला घालणार नाही.