दात हाडातून सरकतो कसा?

दाढांवर दाढा टेकवल्या असता वरचे पुढील दात खालच्या दातांना थोडेसे झाकतात, हे निसर्गाला धरूनच आहे. हे झाकण साधारणतः २ ते ४ मिलिमीटर असावे. काही मुलांत मात्र खालचे दात जवळजवळ दिसेनासे होतात. या व्यंगास ‘खोल चावा’ म्हणता येईल. दात पुढे येणे हे निराळे व्यंग होय. दोन्ही पुष्कळदा एकाच मुखात आढळत असल्यामुळे लोक त्यांची गल्लत करतात. पुढे आलेले दात चारचौघांत दिसतात, म्हणून आईबाप लवकर सावध होतात. खोल चावा लपून राहतो. खालच्या दातांच्या कडा वरच्या दातांमागील हिरडीत रुतून जखम झाली म्हणजे मग त्याकडे लक्ष जाते.

बंगळूर येथे व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात १९५८ साली शासकीय दंतमहाविद्यालय सुरू झाले. अशा ठिकाणी मुलास नेले असता प्रथम दातांचा साचा व डोक्याचे बाजूने क्ष-किरण चित्र घेतात. पुढचे दात प्रमाणाबाहेर वाढले आहेत, दाढा पुरेशा वर आलेल्या नाहीत, की जबड्याच्या वाढीतच दोष आहे, हे ठरल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही.

दाढा खुज्या असतील आणि मूल वाढीच्या वयाचे असेल, तर उपाय सोपा असतो. वरच्या पुढील दातांमागे एक पातळ पट्टी बसवितात. खालचे दात तिच्यावर टेकतात, दाढा एकमेकींपासून विलग राहतात आणि अडथळा दूर झाल्यामुळे हळूहळू वर येतात. पुढचे दातच लांबले असतील, तर दातांवर लहान खाचा असलेले तुकडे चिकटवून त्यांतून लवचीक तार ओवतात. तार मुद्दाम उलट बाकाची असते. ती पूर्वस्थितीवर येऊ पाहते आणि तसे करताना पुढचे दात हाडाकडे ढकलते.

परंतु घट्ट हाडात दात शिरतो कसा? दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मध्ये तंतूंचा एक अस्तर असतो, जाडी सुमारे पाव मिलिमीटर. ज्या बाजूस दाब पडतो तेथील पेशी हाड विरघळवितात, ज्या बाजूस ताण पडतो तेथील पेशी नवे हाड घालतात. स्वीडनमधील सँडस्टेट या संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखविले. त्याला आणखी एक गोष्ट दिसली: दाब फार झाला की अस्तरातील रक्तप्रवाह थांबतो, पेशी मरतात आणि दात जागीच अडून राहतो. तार जरा आवळून लवकर मोकळे करा, ही पालकांची नेहमीची विनंती. ती मान्य केल्यास उलट विलंब होतो, शिवाय मुळाची टोके झिजण्याचे भय. पुढचा दात आत दाबण्यास १० ते २० ग्रॅम, म्हणजे साध्या टपालाच्या पत्राएवढा जोर पुरतो. सर्वसाधारणपणे दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो; म्हणून उपचारास दीड-दोन वर्षे लागतात.

तार निघाली तरी हिरडीतील ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढू पाहतात. त्यांना नव्या स्थितीत स्थिरावण्यास वर्षभर किंवा अधिक काळ लागतो आणि तोवर दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी वापरावी लागते, पुष्कळांना तर त्यानंतरही रात्रीच्या वेळी.