राइटगुड-मोड

राइटगुड-मोड ही ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी तयार केलेली पूरक आज्ञावली आहे. इंग्रजी लेखनातील मोघम शब्द, पॅसिव्ह व्हॉइसमधील रचना आणि लागोपाठ दोनदा आलेला तोच शब्द या तीन गोष्टी ती ठळक करून दाखवते. मजकुरात ती स्वतः कोणताही बदल करीत नाही.

पार्श्वभूमी

संगणकाद्वारे लेखनशैली तपासण्याचे प्रयत्न अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. तेथील ‘डिक्शन’ ही आज्ञावली पाल्हाळिक शब्दप्रयोग शोधून देत असे. पुढे २०१० मध्ये युटा विद्यापीठातील संगणकशास्त्राचे अध्यापक मॅट माइट यांनी लेखनातील वरील तीन दोष शोधणाऱ्या छोट्या आज्ञावल्या प्रसिद्ध केल्या. राइटगुड-मोड त्यांवर आधारित आहे.

कार्यपद्धती

मोघम शब्द ठरलेल्या यादीवरून ओळखले जातात. ‘मेनी’ (पुष्कळ), ‘व्हेरी’ (अतिशय), ‘क्लिअरली’ (उघडच) हे त्यांपैकी काही होत. असे शब्द माहिती दिल्याचा भास निर्माण करतात. ‘पुष्कळ विद्यार्थी’ यापेक्षा ‘४० पैकी ३२ विद्यार्थी’ हे विधान पडताळून पाहता येते. वापरकर्त्याला या यादीत भर घालता येते. एका ओळीच्या शेवटी व पुढील ओळीच्या आरंभी तोच शब्द आल्यास वाचकाच्या नजरेतून तो निसटतो. आज्ञावली मात्र तो पकडते. मजकुराची वाचनसुलभता मोजण्याचीही सोय तीत आहे.

मर्यादा

ही आज्ञावली शब्दांचे बाह्य रूप पाहते, अर्थ पाहत नाही. ‘इज’, ‘वॉज’ यांसारख्या क्रियापदानंतर ‘-एड’ या अक्षरांनी संपणारा शब्द आला की ती पॅसिव्ह व्हॉइस गृहीत धरते. त्यामुळे ‘इज रेड’ (लाल आहे) ही साधी रचनाही दोषात गणली जाऊ शकते. शिवाय कर्ता अज्ञात किंवा गौण असेल, तेथे पॅसिव्ह व्हॉइस उचितच असतो. म्हणून ठळक झालेला शब्द चूक नसून फेरविचाराची सूचना मानावी लागते.

मराठीच्या संदर्भात

हे नियम मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ‘लहान लहान मुले’, ‘कधी कधी’ यांतील द्विरुक्ती दोष नसून अर्थपूर्ण असते. ‘अनेक’ हा शब्द ‘अनेकांनी’, ‘अनेकांना’ अशी रूपे घेत असल्याने केवळ मूळ शब्दांची यादी अपुरी ठरते. मराठीतील कर्मणी प्रयोगात (‘मुलाने आंबा खाल्ला’) कर्ता स्पष्ट असतो. उलट ‘खड्डे बुजवण्यात आले’ या वाक्यात ते कोणी बुजवले हे कळत नाही. मराठीसाठी असे साधन करावयाचे झाल्यास शब्दरूपे, द्विरुक्ती आणि प्रयोग यांचा स्वतंत्र विचार करावा लागेल.