घरात दोन वाटांनी येणारी वीज

वाराणसीच्या संकठा घाटावर संकठा देवीचे मंदिर आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाटही जवळच. तेथील अरुंद गल्ल्यांतल्या एखाद्या घरात वीज गेल्यावर जनित्र चालवायचे, तर दोन्हींकडची वीज एकाच वेळी घरात येता कामा नये. त्यासाठी ‘चेंजओव्हर स्विच’ बसवितात. त्याचा दांडा एका बाजूस वळविला की दुसरी बाजू सुटते. मध्यावर दोन्ही बंद. फेज व न्यूट्रल दोन्ही तारा त्यातूनच न्याव्यात. हा स्विच नसेल, तर जनित्राची २३० व्होल्टची वीज उलट रोहित्रात शिरून ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकते. तार मृत समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जातो! जनित्र मात्र उघड्यावरच ठेवावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.